हिरवळीतली हुमणी आणि लव्हाळा: माझा अनुभव

नाशिकजवळच्या एका गोल्फ मैदानाची हिरवळ मी सांभाळतो. भाद्रपदात हरळीवर पिवळे डाग पडले. पाणी कमी पडतंय असं वाटून दोन दिवस जास्त सोडलं. काही फरक नाही. साळुंक्या मात्र त्याच जागी चोची मारत होत्या. तिसऱ्या दिवशी डाग हाताने ओढला, तर हिरवळ सतरंजीसारखी उचलून आली. खाली अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या, डोकं तपकिरी. हुमणी! मुळंच खाल्ली होती.

संध्याकाळी ओल्या मातीत मेटारायझियम या अळ्या मारणाऱ्या बुरशीचं द्रावण ओतलं. बुरशीला वेळ लागतो, धीर धरावा लागला. खरा फरक पुढच्या वर्षी पडला. वळवाचा पाऊस होताच रात्री कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे, म्हणजे हुमणीचे प्रौढ किडे, पाडले आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, अंडी घालायच्या आतच.

लव्हाळा हे तण मात्र खुरप्याने काढू नका. गाठी जमिनीतच राहतात आणि पुन्हा फुटतात. मी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक फवारलं, लेबलवरच्या प्रमाणातच. हरळीला धक्का लागला नाही. नवे कोंब दिसले तिथे महिन्याने पुन्हा फवारलं.