पुस्तक आवडलंही आणि नाहीही : मग वहीत काय लिहायचं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघी बहिणी शिरपूरकडच्या माहेरी जमलो. मी जळगावहून आणि आक्का शहाद्याहून. दिवाळीत मी तिला दोन पुस्तकं दिली होती, एक प्रेमकादंबरी आणि एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी. ती पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवत आक्का म्हणाली, "माले आवडनं बी, नही बी."

मी हसले खरी, पण महिनाभर आधी आमच्या वाचनकट्ट्यावर याच दोन पुस्तकांबद्दल विचारलं तेव्हा मी काय म्हणाले होते? "बरी आहेत." आक्काचं उत्तर माझ्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक होतं. "बरं आहे" म्हणजे आवड आणि नावड एका भांड्यात घालून कोमट केलेलं पाणी. आवडलेलं खूप आवडलेलं असतं, खटकलेलं चांगलंच खटकलेलं असतं, आणि दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात. ते तसं लिहून कसं ठेवायचं, हे मी गेल्या काही वर्षांत चुकत चुकत शिकले. प्रेमकादंबऱ्या आणि आठवणींची पुस्तकं आलटूनपालटून वाचणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल.

आधी वही

शंभर पानी साधी वही आणि पेन्सिल पुरे. पुस्तक वाचनालयाचं असेल तर त्यात खुणा करू नका. आमच्याकडे एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा असतो, मी तीच पानांत घालते. तिकीट घातलं की त्यावर एकच शब्द लिहायचा : "हसले", "खोटं", "कंटाळा", "परत वाच". नंतर वही उघडली की या तिकिटांवरूनच सगळं आठवतं.

पुस्तक संपल्यावर झोपायच्या आत तीन ओळी लिहा. कथानक लिहू नका, ते मलपृष्ठावर छापलेलं असतंच. तुम्ही कुठे थांबलात, कुठे पानं उलटलीत, कुठे चहा गार झाला, ते लिहा. सकाळपर्यंत मत सभ्य होऊन जातं.

शीर्षकाचं पान वाचा

हे बहुतेक जण करत नाहीत. आठवणींच्या पुस्तकात लेखकाच्या नावाखाली बारीक अक्षरात "शब्दांकन" असं कुणाचं नाव आहे का ते बघा. असेल तर आयुष्य एकाचं आणि वाक्यं दुसऱ्याची. त्यात वाईट काही नाही, पण "भाषा किती सुंदर आहे यांची!" हे कौतुक मग योग्य पत्त्यावर पाठवावं लागतं. अनुवाद असेल तरी तेच. पहिली आवृत्ती कधीची तेही पाहा. चाळीस वर्षांपूर्वीच्या कादंबरीतल्या नायिकेने नोकरी सोडली म्हणून चिडायचं की नाही, हे त्या सालावर ठरतं. (मी तरीही चिडते. पण वहीत साल लिहून चिडते.)

आणखी एक गोष्ट याच पानावर ठरते. हे पुस्तक मला "घडलं" म्हणून सांगतंय की "रचलं" म्हणून? आपल्या खानदेशात हा प्रश्न फार जवळचा आहे. 'कोसला' १९६३ साली आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर, आणि लेखक भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. वाचताना ते आत्मचरित्रच वाटतं, पण आहे ती कादंबरी. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याआधी ते अमळनेरला शिक्षक होते. त्यातला श्याम म्हणजे बऱ्याच अंशी गुरुजीच, तरी नाव श्यामचं आहे. कादंबरीत नायकाने खोटं बोललं तर ते पात्राचं खोटं. आठवणींत लेखक खोटं बोलला तर ते माझ्याशी बोललेलं खोटं. दोन्हींसाठी एकच माप चालत नाही.

प्रेमकादंबरी वाचताना

शेवट माहीत असतो. ते दोघं एकत्र येणार म्हणूनच आपण पुस्तक घेतलं. त्यामुळे "शेवट अपेक्षित होता" ही तक्रार लिहू नका. वांग्याच्या भरितात वांगं निघालं म्हणून कुणी तक्रार करत नाही. त्यांना काय अडवतं आणि ते अडणं खरं आहे का, हे बघायचं.

यासाठी मी फोनची कसोटी लावते. मधला दीडशे पानांचा दुरावा एका फोनने मिटला असता का? "ती कोण होती तुझ्याबरोबर?" "माझी चुलत बहीण." संपलं. असं असेल तर लेखकाने मला दीडशे पानं फुकट फिरवलं. याउलट अडथळा फोनने न मिटणारा असेल, म्हणजे कर्ज असेल, आजारी आई असेल, आधीचं लग्न असेल, त्या माणसाचा स्वतःचा भित्रेपणा असेल, तर शेवट माहीत असूनही छातीत धडधडतं. ती धडधड झालेलं पान लिहून ठेवा.

दुसरी कसोटी मातीची. मागच्या वर्षी वाचलेल्या एका कादंबरीत प्रेमी जोडपं जळगावात, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता गच्चीवर भेटतं आणि बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभं राहतं. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या वेळी गच्चीवर पापड वाळतात, प्रेम नाही. तिथून पुढे मी एका शब्दावर विश्वास ठेवू शकले नाही, आणि हा अन्याय आहे हे मला कळत होतं, कारण पुढची भांडणाची प्रकरणं खरंच सुरेख होती. वहीत दोन्ही लिहिलं.

आक्काला दिलेल्या कादंबरीत उलट घडलं. थंडीत शेतावर भरताची पंगत आहे, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताहेत, आणि नायिकेच्या डोळ्यांत पाणी येतं. तो विचारतो, ती म्हणते धूर गेला. त्या एका "धूर गेला"साठी मी लेखिकेला पुढची साठ ढिसाळ पानं माफ केली. माफ केली म्हणजे विसरले नाही. तीही वहीत आहेत.

तिसरी गोष्ट मला उशिरा दिसली आणि आता ती प्रत्येक पुस्तकात दिसते. नायकाला आडनाव आहे का? कितीतरी मराठी प्रेमकादंबऱ्यांत तो नुसता आदित्य किंवा समीर असतो. घर मोठं, गाडी आहे, आई सोज्वळ, पण आडनाव नाही. आपल्याकडे आडनाव सांगितलं की वाचक लगेच जात ओळखतो, आणि जात आली की पहिल्या भेटीनंतरचा पहिला प्रश्न प्रेमाचा राहत नाही. लेखक तो प्रश्नच टाळतो. कधी हे टाळणं मला हवंसं असतं. दिवसभराच्या कटकटीनंतर दोन तास त्या प्रश्नाशिवायच्या जगात जायला कुणाला आवडणार नाही? पण पुस्तक मिटल्यावर ते पोकळ वाजतं. आठवणींच्या पुस्तकांत नेमकं उलट असतं. १९७८ साली आलेलं दया पवारांचं 'बलुतं' घ्या. नावातच सगळं सांगितलेलं आहे. म्हणून मी आता एक प्रेमकादंबरी आणि एक आत्मकथन पाठोपाठ वाचते. एक काय लपवतंय ते दुसऱ्याच्या उजेडात दिसतं.

आठवणींचं पुस्तक वाचताना

इथे पहिला नियम असा की गुण आयुष्याला द्यायचे नाहीत, पुस्तकाला द्यायचे. माणसाने फार सोसलं असेल तर "कंटाळा आला" असं लिहायला हात धजावत नाही. माझाही धजावत नसे. पण सोसणं मोठं असूनही सांगणं सपाट असू शकतं, आणि ते लिहिल्याने त्या माणसाचा अपमान होत नाही. उलट सुखवस्तू माणसाचं साधं बालपणही असं सांगितलेलं असतं की वाचून झाल्यावर आपल्याला आपल्या आजीच्या हाताचा वास येतो.

मग संवाद बघा. पन्नास वर्षांपूर्वीच्या भांडणातली अर्धं पान भरणारी वाक्यं लेखकाला शब्दशः आठवत असतील, तर ती त्याने आज रचली आहेत. हा काही गुन्हा नाही, आपण घरी गोष्ट सांगतानाही तेच करतो. फक्त त्या भांडणात दर वेळी लेखकच जिंकत असेल, तर तिकीट घालून "हं" लिहा.

त्यानंतर हजेरी घ्या. कोण गैरहजर आहे? त्या निवृत्त अधिकाऱ्याच्या पुस्तकात तापीकाठच्या लहानपणाची पहिली ऐंशी पानं इतकी छान आहेत की मी ती नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. पुराचं पाणी ओसरल्यावर गाळात अडकलेली बैलगाडी, ती काढायला आलेलं सगळं गाव. पुढे नोकरी लागते आणि पुस्तक बदल्यांची यादी होऊन जातं. बायको किती वेळा येते ते मी मोजलं. तीन वेळा : लग्नात, एका बदलीच्या सामानाबरोबर, आणि अर्पणपत्रिकेत. तिने चौदा घरं लावली आणि उसवली असतील. तिच्या आठवणींत हा माणूस किती पानं व्यापेल, असा प्रश्न मी वहीत लिहिला आहे.

याला मोजपट्टी हवी असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. चार भागांत, १९३४ ते १९३६ दरम्यान ते प्रसिद्ध झालं. १८९५ साली नवऱ्याने धर्मांतर केलं आणि या मागे राहिल्या. एखाद्या प्रेमकादंबरीत याहून मोठा दुरावा मी वाचलेला नाही, आणि तो एका फोनने मिटण्यासारखा अजिबात नव्हता. त्यात बाई स्वतःवर हसतात, नवऱ्यावर रागावतात, त्याची थट्टा करतात आणि त्याच्यावाचून त्यांना करमतही नाही. हे सगळं एका पानावर असू शकतं. आठवणी लिहिणारा स्वतःवर एकदाही हसला नाही तर मी सावध होते.

"पण" उलटा करून बघा

आता मत लिहायची वेळ. एकच वाक्य लिहा आणि त्यात "पण" येऊ द्या. "भाषा गोड आहे, पण शेवटाची घाई केली आहे." मग ते उलटं लिहा : "शेवटाची घाई केली आहे, पण भाषा गोड आहे." दोन्ही मोठ्याने म्हणा. माहिती तीच, मत मात्र निराळं. "पण"च्या पुढे जे येतं तेच तुमच्या मनातलं असतं. एक वाक्य खोटं वाजेल, ते खोडा. दोन्ही खरी वाजली तर दोन्ही ठेवा, त्यात अडचण काही नाही.

वाचनीय, संग्राह्य, ओघवती शैली, काळजाला हात घालणारं, हे शब्द माझ्या वहीत बंद आहेत. ओघवती म्हणावंसं वाटलं की मी पानांचे आकडे लिहिते : "रात्री ९ ला सुरू, पान ११० वर दिवा मालवला."

दिवस कसा होता तेही लिहा

एक कादंबरी मी सासूबाईंच्या उशाशी, दवाखान्यात बसून वाचली आणि वहीत तिची सालं काढली. नायिकेचा प्रत्येक सुस्कारा मला माजोरी वाटला. वर्षभराने सहज पुन्हा उघडली तर बाई चांगल्या विनोदी निघाल्या. तेव्हापासून नोंदीच्या डोक्यावर मी दोन शब्द टाकते : "ताप होता", "वीज नव्हती", "प्रवासात, उभ्याने", "भाच्याने दिलं". पंधरा दिवसांनी पुस्तक न उघडता नोंदीखाली काय आठवतंय ते एका ओळीत लिहायचं. अधिकाऱ्याच्या पुस्तकाखाली माझी ओळ आहे : "बैलगाडी. बाकी काही नाही." कादंबरीखाली : "धूर गेला."

दुसऱ्यांना सांगताना मग फार कष्ट पडत नाहीत. आमच्या व. वा. जिल्हा वाचनालयात कुणी विचारलं तर मी म्हणते, "आप्पा, पहिली ऐंशी पानं वाचा, मग मन नसेल तर परत करा." ज्याला पुराच्या, शेताच्या गोष्टी आवडतात त्याला ते पुस्तक सुचवते. नोकरीतल्या कामाबद्दल कुतूहल असलेल्याला सांगते की त्यात ठिकाणं आणि तारखाच फार आहेत. प्रेमकादंबरीबद्दल सांगताना शेवट सांगितला तरी चालतो, अडथळा मात्र सांगू नका. आणि समोरच्याला ते आवडलंच पाहिजे असा हट्ट नको. माझ्या नणंदेला ती गच्चीवरची कादंबरी फार आवडली. ती नाशिकला असते.

आक्काने परत केलेल्या कादंबरीत शहादा–शिरपूरचं तिकीट तसंच होतं, पान १४२ वर. कादंबरी २६० पानांची. धुराचा प्रसंग पान १४१ वर आहे.

"अगं, पुढचं वाचलंच नाहीस?"

आक्का पाटावर कैऱ्या चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढलं माले मालूमच व्हतं."