पांढऱ्यावर नजर ठेवा

पुण्यात कॅम्पाच्या कडेला माझं स्नूकर पार्लर अकरा वर्षं चाललं. दोन बारा फुटी टेबलं, एक पूलचं आणि एक मार्कर, म्हणजे गुण मांडणारा, टेबलं सांभाळणारा माणूस. आता कुणी 'काका, पार्लर टाकायचंय' म्हणत येतो, तो आधी टेबलाची किंमत विचारतो. मी विचारतो, मजला कितवा? मोठ्या टेबलाखाली स्लेटच्या पाच लाद्या असतात, वजन टनाच्या वर. जिन्यातून त्या चढवताना हमालांनी मला दिलेल्या शिव्या अजून आठवतात.

गल्ल्यामागे विल्सन जोन्स यांचा फोटो लावला होता. पोराला शोधत वर आलेल्या बापाला सांगायचो, हे आपल्या पुण्यातच जन्मले आणि 1958 साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. निम्मे बाप तेवढ्यावर निवळायचे.

टेबलाचे पैसे हरणाऱ्याने द्यायचे, हा रिवाज. म्हणजे कोण हरतं याच्याशी मालकाला देणंघेणं नको. मलाही तसंच वाटायचं. मग बाहेरगावचे पाहुणे यायला लागले. पहिला आला त्याने ताशी दर असा विचारला, जणू पार्लरची पायरी प्रथमच चढतोय. भिंतीवरचा कुठलाही क्यू, म्हणजे खेळायची काठी, उचलला, कॉलेजच्या पोरांशी दोन फ्रेम, म्हणजे दोन डाव, हरला, चहा पाजला, आणि तिसरीला पैज वाढवली. रात्री दहाला पोरांचे खिसे रिकामे. त्यातले तिघे महिनाभर फिरकले नाहीत. नुकसान झालं ते माझं.

म्हणून पुढच्याशी मी स्वतः उभा राहिलो आणि अठराशे रुपये घालवून बसलो. पण त्या रात्री एक गोष्ट डोक्यात शिरली. असा माणूस पॉट, म्हणजे चेंडू खिशात घालणं, मुद्दाम चुकवू शकतो. ज्याला क्यूने मारतात तो पांढरा चेंडू मात्र त्याला वेडावाकडा सोडवत नाही. लाल हुकला तरी पांढरा जाऊन कुशनला, टेबलाच्या रबरी काठाला, चिकटतो, तुम्हाला सरळ काही दिसतच नाही. नवखा चुकतो तेव्हा पांढरा टेबलभर भटकतो. तेव्हापासून पाहुण्याच्या पहिल्या फ्रेमला मी फक्त पांढरा बघायचो आणि मार्करला डोळ्याने खुणवायचो. तो पोरांना सांगायचा, 'टेबल बुक आहे.'

पैजा लावू देऊ नका, हे मी खेळून चुकलेला माणूस सांगतोय. पूर्वीचा मुंबई, आताचा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा, पण हवालदाराला तो ताजा पाठ असतो.

अशा पाहुण्याशी जिंकलो एकदाच, जुलैत. आठवडाभर पाऊस, कापड दमट, चेंडू जडावलेले. सकाळी मी टेबलाच्या कापडावर इस्त्री फिरवली नव्हती, आळसानेच, पण हे त्याला कशाला सांगू? एसी क्लबात हात बसलेला तो मुंबईकर. त्याचा पांढरा प्रत्येक वेळी वीतभर अलीकडेच थांबायचा. मला ते टेबल डोळे मिटूनही कळायचं. दोन फ्रेमनंतर त्याने क्यू ठेवला, कापडावर तळवा फिरवला आणि हसला. 'काका, इस्त्री विकली काय?'

टेबलाचे पैसे मोजून दिले त्याने. चहा तेवढा माझ्या खात्यावर लिहायला लावून गेला.