एम-ए-एल दिसलं की लगेच नाक मुरडू नका

दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये लागले तेव्हा माझं इंग्रजी बारावी सायन्सपुरतं. पहिल्याच हंगामात नमुन्याच्या कागदावर मॅलिक ॲसिडचा पिवळा ठिपका उमटला आणि माझ्या पोटात गोळा आला. मॅलन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण, मॅलफंक्शन म्हणजे बिघाड, तेव्हा हे वाईट ॲसिड. टाकीतला माल गेला! रात्री साडेदहाला साहेबांना फोन केला. ते हसले नाहीत, एवढीच माझी अब्रू वाचली.

मॅलिक द्राक्षात असतंच, फळ पिकेल तसं कमी होत जातं. त्याच्या नावातलं मॅल म्हणजे लॅटिनमधलं सफरचंद. कार्ल शेले या रसायनतज्ज्ञाने १७८५ मध्ये ते सफरचंदाच्या रसातूनच वेगळं काढलं होतं.

आता संध्याकाळी पंचवटीत आमच्या ओट्यावर गल्लीतली पोरं शब्द पाठ करायला बसतात. त्यांना मी पहिल्यांदा मराठीतच अडकवते. कुकर्मातला 'कु' वाईट, मग त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तातला? तिथे 'कु' सुटा निघतच नाही, शब्द 'कुश' आहे. हे पटलं की इंग्रजी सोपं जातं.

सुरुवातीची अक्षरं बोटाने झाका. उरलेला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो का? मॅलन्यूट्रिशनमधून न्यूट्रिशन उरतं, म्हणजे मॅल जोडलेलं आहे. मॅलिकमधून नुसतं 'इक' उरतं, म्हणजे इथे सावध.

पण या युक्तीवर भिस्त ठेवू नका. मलेरिया झाकून एक पोरगा म्हणाला, "मामी, एरिया उरला. वाईट एरिया!" उत्तर चुकलं, पण फार नाही. मूळ इटालियन शब्द 'माला आरिया', म्हणजे वाईट हवा. दलदलीच्या हवेने ताप येतो असा जुना समज होता. रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात त्याचे जंतू सापडले, तरी नावात बिचारी हवाच अडकून राहिली.

म्हणून दुसरं काम डिक्शनरीचं. अर्थ वाचून मिटू नका; नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरात शब्दाचं मूळ दिलेलं असतं, ते बघा. तिथे कळतं की मॅलेट म्हणजे लाकडी हातोडा आणि मॅलिएबल म्हणजे ठोकून आकार देता येणारा, हे दोघे भाऊ. आणि मॉलसुद्धा त्यांचाच! हातोड्याने चेंडू मारायचा 'पॉल मॉल' नावाचा खेळ होता, त्याच्या लंडनमधल्या पट्टीला मॉल म्हणू लागले, तिथून झाडीतला फिरायचा रस्ता आणि मग दुकानांचा मॉल. नर या अर्थाचा मेल या कोणाच्याच नात्यात नाही. तो मॅस्क्युलाइनचा सख्खा.

पी-ई-डी ला एक सोपी खूण आहे. पेडल, पेडिक्युअर, पेडेस्ट्रियन यांत लॅटिन पाय आहे. पीडियाट्रिकमध्ये मात्र ग्रीक मूल. बालरोगतज्ज्ञांच्या पाट्या नीट बघा. ब्रिटिश पद्धतीने लिहिलं असेल तर पी-ए-ई-डी दिसेल. अमेरिकनांनी तो 'ए' गाळला आणि आपला घोळ वाढवला.

आय-एन बाबत मात्र मी कडक आहे. इन्कम्प्लीट म्हणजे अपुरं, इथे 'इन' नकार देतो. मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघणाऱ्या टँकरवर इन्फ्लेमेबल लिहिलेलं असतं, ते 'न पेटणारं' असं वाचलंत तर संपलंच. तिथला 'इन' म्हणजे आत, अर्थ ज्वालाग्राही. नुसत्या फ्लेमेबलचाही तोच. इनव्हॅल्युएबलमधला 'इन' नकाराचाच, पण शब्दाचा अर्थ बिनकिमतीचं असा नाही. आपल्या 'अमूल्य'सारखं समजा.

वहीत शब्द ए-बी-सी-डी ने उतरवू नका. एका पानावर एक घराणं: सफरचंदाचं पान, हातोड्याचं पान, वाईटाचं पान. वाईटाचं पान लवकर भरतं, दोन ठेवा. नवा शब्द आला की आधी पेन्सिलने लिहायचा, मूळ बघितल्यावरच शाईने. आमच्या ओट्यावर 'माल्ट' तीन दिवस पेन्सिलीत होता. तो कुठल्याच पानावर बसला नाही, जर्मनिक घरचा निघाला. त्याला शेवटचं कोरं पान दिलंय.