हिरा घेताना आधी मिलिमीटर बघा

पिवळ्या सोन्याच्या अंगठीत एकच अर्ध्या कॅरटचा गोल खडा बसवायचाय आणि खिसा बेताचा आहे, असं धरून चालू. दुकानात आधी वजन सांगतात, मग रंग, मग शुद्धता. खड्याचं पाणी ज्यावर अवलंबून असतं तो कट शेवटी येतो, तोही विचारला तर. तुम्ही सुरुवात कटपासून करा. त्यात तडजोड नको. पैसे वाचवायचे ते बाकीच्या तिघांत.

गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात, टोकाचा बारीक पैलू धरला तर ५८. वरून आत शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून परत वर आला की हिरा चमकतो. तळ उथळ असेल तर उजेड खालून निसटतो आणि वरच्या सपाट पैलूतून, म्हणजे टेबलातून, करडी कडी दिसते. तळ फार खोल असेल तर खडा मधोमध काळवंडलेला वाटतो. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर कट ‘एक्सलंट’ हवा. पॉलिश (पैलूंची झिलई) आणि सिमेट्री (पैलूंचा सारखेपणा) ‘व्हेरी गुड’ असली तरी चालेल. व्यासाच्या मानाने एकूण खोली ५९ ते ६२.५ टक्के आणि टेबल ५४ ते ५८ टक्के यांच्या आत बसतंय का बघा.

मग व्यास. चांगल्या कटचा अर्धा कॅरट साधारण ५.१ मिमी भरतो, एक कॅरट ६.४ ते ६.५ मिमी. एक कॅरटचा खडा ६.१ मिमीच भरत असेल तर वजन पोटात लपलंय: पैसे एक कॅरटचे, दिसणार ०.८५ एवढा.

कॅरटमागचा भाव सरळ चढत नाही, ०.३०, ०.५०, ०.७०, ०.९० आणि १ कॅरटला तो उडी मारतो. म्हणून ०.५०चा हट्ट सोडून ०.४८चा खडा मागा. व्यासात फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, बोटावर कुणाच्या बापाला कळणार नाही. असे खडे कमी मिळतात, कारण घासणारा कारागीर वजन ०.५०च्या खाली जाऊ नये म्हणून धडपडतो. त्यामुळेच नेमक्या ०.५०च्या खड्याची खोली जास्त काटेकोरपणे तपासायची.

रंगाची श्रेणी डीपासून (रंगहीन) झेडपर्यंत (पिवळसर). पिवळ्या सोन्यात आय किंवा जे खुशाल घ्या; सोन्याच्याच छटेत तो पिवळेपणा मिसळून जातो. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात मात्र जी-एचच्या खाली उतरू नका. रंग बघायचा तर सुटा खडा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवून बाजूने बघा. आणि शोरूमच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका, त्यांच्याखाली काचही चमकते. खडा खिडकीपाशी न्या, मग सावलीत धरा. रिपोर्टवर ‘स्ट्राँग’ फ्लुरोसन्स (अतिनील उजेडात खड्याचं उजळणं) असेल तर उन्हात बघणं आवश्यकच, काही खडे तिथे दुधाळ दिसतात. ‘फेंट’ किंवा ‘मीडियम’ने सहसा काही बिघडत नाही.

शुद्धतेत व्हीएस २ (फार बारीक दोष) पुरे, नीट निवडला तर एसआय १ही (बारीक दोष). मात्र श्रेणीपेक्षा डाग कुठे आहे ते महत्त्वाचं. कडेचा पांढुरका डाग प्रॉन्गखाली, म्हणजे खडा धरणाऱ्या पंज्याखाली, झाकता येतो. टेबलाखालचा काळा ठिपका रोज दिसतो. कडेपर्यंत आलेली चीर असलेला खडा घेऊ नका, बसवताना दाब पडला की तिथे टवका उडू शकतो. १० पटीच्या भिंगातून बघा आणि नंतर हातभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांनी.

रिपोर्ट जीआयए किंवा आयजीआयसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा हवा, दुकानाचं स्वतःचं कार्ड नव्हे. रिपोर्ट क्रमांक प्रयोगशाळेच्या साइटवर टाकून वजन आणि मापं जुळवा. खड्याच्या कमरेवर, म्हणजे कडेच्या घेरावर, लेझरने क्रमांक कोरलेला असेल तर तोही भिंगातून वाचा. दुकानातल्या साध्या थर्मल टेस्टरवर ‘हिरा’ दिवा लागला तरी निर्धास्त होऊ नका, मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडाही त्यात पास होतो.

लॅबमध्ये वाढवलेला हिरा नकली नसतो. तोही कार्बनच, आणि बराच स्वस्त. पण परत विकायला गेलात तर फारसं काही हाती येत नाही. घ्यायचाच तर जी रंग, व्हीएस १ आणि उत्तम कट यांच्या खाली येऊ नका, आणि बिलावर ‘लॅब-ग्रोन’ लिहून घ्या.

एकाच खड्याचा आग्रह नसेल तर सात हिऱ्यांच्या कुड्यांचा विचार करा. एका कुडीतले ०.०७ कॅरटचे सात खडे मिळून ०.४९ कॅरट होतात आणि तेवढ्याच वजनाच्या एका खड्यापेक्षा खूप स्वस्त पडतात. तिथे जपायचं ते रंगाचं जुळणं. जोडीच्या चौदांत एक पिवळा निघाला तरी डोळ्यांत खुपतो.

आता बिल. अंगठीचं एकूण वजन ४.००० ग्रॅम आणि हिरा ०.४८ कॅरट असेल, तर हिऱ्याचे ०.०९६ ग्रॅम (१ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम) वजा जाऊन सोनं ३.९०४ ग्रॅम. सोन्याचे पैसे तेवढ्याचेच, आणि अंगठी १८ कॅरट सोन्याची असेल तर १८च्याच भावाने. २२चा भाव लावला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. घडणावळ ग्रॅममागे आहे की टक्क्यांत ते विचारा, घासाघीस तिथेच होते. वर ३ टक्के जीएसटी. सोन्यावर ७५० (१८ कॅरटची खूण) आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, दिसायला हवा. हिऱ्याचं वजन, रंग, शुद्धता, रिपोर्ट क्रमांक आणि दुकान परत घेताना किती टक्के देणार ती टक्केवारी बिलावर लेखी हवी.

अंगठी ताब्यात घेताना ती कानाशी धरून बोटाने टिचकी मारा. खुळखुळली तर खडा सैल आहे. मग ओढणीवरून फिरवा. धागा अडकला तर प्रॉन्ग उचललेला आहे, दुकानातच बसवून घ्या.