सर्व्हरच्या सॉकेटला पत्ता कसा द्यावा

इंदूरला लोकमान्यनगरात माझ्याकडे सी शिकायला येणारी कॉलेजची मुलं पहिला सर्व्हर लिहितात, तेव्हा बहुतेकांचं गाडं बाइंड()पाशी, म्हणजे सॉकेटला पत्ता देणाऱ्या फंक्शनपाशी, अडतं. म्हणून तेवढाच भाग इथे सावकाश घेऊ, लिनक्स धरून.

सॉकेट म्हणजे प्रोग्रॅमचं नेटवर्कशी बोलण्याचं टोक. ते मिळवायला आधी सॉकेट() बोलवा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक क्रमांक परत देतो. उणे १ आला तर पुढे जाऊ नका. या सॉकेटला अजून पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरून कुणालाच ते सापडत नाही.

आता सॉकअॅडर_इन हे स्ट्रक्चर घ्या आणि मेमसेटने सगळं शून्य करा. मग तीन खाने भरायचे: फॅमिली (पत्त्याचा प्रकार), पोर्ट (त्या संगणकावरच्या कुठल्या प्रोग्रॅमकडे जायचं तो क्रमांक), आयपी (संगणकाचा पत्ता). फॅमिलीत एएफ_आयनेट, म्हणजे आयपीव्ही४, लिहिलं की झालं. खरी गोम पोर्टात आहे. तिथे ८०८० थेट लिहू नका, एचटॉन्स(८०८०) लिहा; ते बाइटांचा क्रम नेटवर्कला हवा तसा करून देतं. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, आपले नेहमीचे इंटेल-एएमडी संगणक मात्र लहान बाइट आधी ठेवतात. ८०८० म्हणजे ३१ आणि १४४ हे दोन बाइट: ३१ गुणिले २५६, अधिक १४४. ते उलटले की १४४ गुणिले २५६, अधिक ३१, म्हणजे ३६८९५. प्रोग्रॅम काही तक्रार न करता सुरू होतो आणि भलत्याच पोर्टवर ऐकत बसतो. टर्मिनलमध्ये एसएस -टीएलएन ही ऐकत असलेल्या पोर्टांची यादी देणारी आज्ञा चालवा. यादीत ३६८९५ दिसलं की चोर सापडला.

पोर्ट १०२४च्या खालचा घेतला तर सहसा रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार लागतात. ० दिला तर मोकळा पोर्ट कर्नलच निवडतो, आणि कुठला मिळाला ते गेटसॉकनेम() सांगतं. चाचण्या लिहिताना हे फार सोयीचं पडतं.

आयपीच्या खान्यात १२७.०.०.१ असेल तर फक्त त्याच संगणकावरून जोडणी होते. घरच्या वायफायवर मोबाइलवरून बघायचं असेल तर ०.०.०.०, म्हणजे इनअॅडर_एनी, संगणकाचा कुठलाही पत्ता चालेल असं. शिकत असताना पहिलाच पत्ता ठेवा, असं मी आग्रहाने सांगतो. अर्धवट सर्व्हर कॉलेजच्या नेटवर्कवर उघडा टाकू नये.

आता बाइंड(). त्याला सॉकेटचा क्रमांक, स्ट्रक्चरचा पॉइंटर आणि त्याची लांबी द्या. पॉइंटर सॉकअॅडरमध्ये कास्ट करावा लागतो, कारण हेच फंक्शन आयपीव्ही६साठी आणि फाइलच्या पाथवर चालणाऱ्या युनिक्स सॉकेटसाठीही वापरतात. १९८३च्या ४.२बीएसडीपासून ही पद्धत चालत आली आहे.

परत आलेली किंमत तपासाच. सर्व्हर बंद करून लगेच पुन्हा चालवला की ‘अॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ (पत्ता आधीच वापरात आहे) ही चूक पुष्कळदा येते. आधी जोडणी तोडणाऱ्या बाजूला ती जोडणी काही काळ टाइम-वेट या वाट पाहण्याच्या अवस्थेत राहते, लिनक्सवर ६० सेकंद. बाइंडच्या आधी सेटसॉकऑप्टने एसओ_रियूजअॅडर चालू करा, म्हणजे अशा जोडणीमुळे पत्ता अडून राहत नाही. तरीही तीच चूक आली, तर त्या पोर्टवर दुसरा प्रोग्रॅम खरोखर ऐकत असणार. एसएस -टीएलएनपीने तो शोधा, बंद करा, मगच लिसन()कडे, म्हणजे जोडण्यांसाठी ऐकायला सुरुवात करण्याकडे, वळा.