छोट्या गाडीतून सायकल न्यायची कशी?

पुण्याहून वाईला जाऊन पसरणीचा घाट सायकलने चढायचा बेत असेल, तर आधीचे ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर महामार्गावर ट्रकांच्या धुरात घालवण्यात फारसा अर्थ नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर सायकलला मुळात परवानगीच नाही. अशा वेळी सायकल गाडीतून नेणे सोयीचे ठरते. पण घरची गाडी स्विफ्ट, वॅगनआर किंवा आय-टेनसारखी छोटी असली की ‘एवढ्याशा गाडीत सायकल मावणार कुठे?’ असा प्रश्न पडतो. सायकल मावते, आणि एकच सायकल न्यायची असेल तर ती गाडीच्या आतच न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरच्या कॅरिअरचा विचार दुसऱ्या सायकलीसाठी करावा.

सुरुवात मोजपट्टीने करावी. मागची सीट पाडून डिकीच्या कडेपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतची लांबी आणि मागच्या दरवाजाच्या चौकटीची रुंदी व उंची मोजावी. मोठ्या माणसाच्या सायकलीच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर साधारण १०० सेंमी आणि चाकाची त्रिज्या ३४ सेंमीच्या आसपास असते. म्हणजे अख्खी सायकल १७० सेंमीच्या जवळ जाते, पुढचे चाक काढले की १३५ सेंमी उरते आणि दोन्ही चाके काढल्यावर १०० सेंमीहून थोडी अधिक. केवळ पुढचे चाक काढून काम भागेल असे पुष्कळांना वाटते आणि पुढच्या सीट डॅशबोर्डपर्यंत सरकवल्या तर कधी कधी ते भागतेही. परंतु मग चालकाने गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतो. मागचे चाक काढायला दोन मिनिटे लागतात, ती द्यावीत.

गाडीची तयारी थोडक्यात आटोपते. डिकीवरचा ट्रे घरीच ठेवावा, मागच्या सीटचे डोक्याचे टेकू काढावेत, सीट पाडावी आणि त्यावर जुनी गोधडी अंथरावी. चेनचे काळे तेल सीटच्या कापडाला एकदा लागले की जन्मभर राहते, म्हणून सायकल आत घालण्यापूर्वी चेन फडक्याने पुसून घ्यावी.

चाके काढण्यात क्रमाला महत्त्व आहे. प्रथम सायकल उभी असतानाच पायडल फिरवत मागचा गिअर सर्वात लहान चकतीवर आणि पुढचा सर्वात मोठ्या चकतीवर आणावा. त्यामुळे मागचे चाक सहज सुटते आणि पुढच्या चकतीचे दाते चेनखाली झाकले जातात. व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा ब्रेक, असल्यास त्याची केबल आकड्यातून सोडवावी, नाहीतर टायर ब्रेकच्या रबरात अडकतो. क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय चाक सोडवणाऱ्या आसाचा, खटका उघडल्यावर पुढचे चाक लगेच निघत नाही, कारण फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, टोकांना सुरक्षेसाठी छोट्या कडा ठेवलेल्या असतात. खटक्याच्या विरुद्ध टोकाची चाकी तीन-चार फेरे सैल करावी. आसावरच्या शंकूच्या आकाराच्या दोन स्प्रिंगांपैकी एक तरी याच वेळी उडून गवतात जाते. तेव्हा चाक निघाले की स्प्रिंगा जागच्या जागी ठेवून, अरुंद तोंड चाकाकडे करून, चाकी परत लावून टाकावी. मागच्या चाकासाठी डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, हाताने मागे ओढून धरावा, म्हणजे चाक आपोआप खाली येते.

डिस्क ब्रेकवाल्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. चाक काढलेले असताना ब्रेकचा खटका दाबू नये, आणि गाडीतल्या कोणालाही दाबू देऊ नये. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मग डिस्क आत जात नाही. पॅडच्या फटीत लग्नपत्रिकेचा जाड तुकडा दुमडून घातला की पुरे. उतारावरून नुकतेच खाली आला असाल तर डिस्कला हात लावू नये. ती चांगलीच भाजते.

हँडल आडवे येत असेल तर ते काढण्याची गरज नसते. स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या आखूड दांड्याच्या, बाजूचे दोन बोल्ट अ‍ॅलन कीने सैल करून ते फ्रेमच्या रेषेत वळवावे. वरच्या टोपीचा बोल्ट मात्र सोडू नये. सायकलीची सीट खाली करण्यापूर्वी तिच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करावी. पायडल काढायचेच असतील तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे. पाना पायडलच्या आसावर वरच्या दिशेला उभा लावून मागच्या चाकाच्या बाजूला फिरवला, की दोन्हीकडचे पायडल सुटतात. मडगार्ड, चेनकव्हर आणि स्टँड असलेल्या जुन्या काळ्या सायकलीच्या बाबतीत हा सगळा खटाटोप करू नये. तिच्यासाठी छोटा टेम्पो बरा.

आता सायकल आत ठेवावी. मागचा भाग आधी सरकवावा, म्हणजे आडमुठे हँडल डिकीच्या तोंडाशी येते आणि तिथे ते फिरवायला जागा मिळते. डिरेलरची, म्हणजे उजवी, बाजू वर राहिलीच पाहिजे. डिरेलर ज्या अंगठ्याएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो त्याला हँगर म्हणतात. फ्रेमऐवजी आधी तो वाकावा म्हणून तो मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. एकदा घाईत मी तीच बाजू खाली ठेवून वर तंबूची पिशवी टाकली. वाईत गणपतीच्या घाटाजवळ सायकल जोडली तेव्हा सारे ठीक दिसत होते. पण चेन मागच्या सर्वात मोठ्या चकतीवर जाताच डिरेलरचा पिंजरा स्पोकांवर टकटक वाजू लागला, आणि पसरणीच्या चढाला नेमका तोच गिअर लागतो. तेव्हापासून सायकलीच्या हत्यारांच्या पिशवीत जादा हँगर असतो. प्रत्येक सायकलीचा हँगर वेगळा असतो, म्हणून तो आपल्या फ्रेमचा पाहूनच घ्यावा.

चाके फ्रेमवर ठेवताना मधे चादरीची घडी घालावी, चाकाच्या आसाचे टोक फ्रेमच्या नळीवर टेकणार नाही हे पाहावे आणि डिस्कवर काहीही ठेवू नये. त्यानंतर सायकल बांधावी. बारा किलोचे लोखंड अचानक ब्रेक लागल्यावर पुढच्या माणसाच्या पाठीवर येते. गाडीत सामान बांधण्याच्या कड्या असल्यास तिथे, नसल्यास मागच्या सीटचा पट्टा फ्रेममधून ओवून बकलात अडकवून ती आवळावी, आणि हाताने हलवून बघावी.

डिकीचा दरवाजा पूर्ण बंद झाला पाहिजे. तो अर्धा उघडा ठेवून सुतळीने बांधण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्यात नंबर प्लेट आकाशाकडे बघत राहते हे एक, आणि चालत्या गाडीत सायलेन्सरचा धूर मागून आत ओढला जातो हे त्याहून वाईट.

दुसरी सायकल असेल तर डिकीच्या दरवाजाला पट्ट्यांनी बांधायचे कॅरिअर उपयोगी पडते. त्याचे हूक पत्र्याच्या कडेलाच अडकवावेत, काचेला किंवा प्लॅस्टिकच्या स्पॉयलरला नव्हे. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, हे दहा पावले मागे जाऊन पाहावे. उच्च सुरक्षा नंबर प्लेट स्नॅप लॉकने कायमची बसवलेली असल्याने ती उचलून कॅरिअरवर लावता येत नाही. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर आला तर तापून खराब होतो. पट्टे सुरुवातीला सैलावतात, म्हणून दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून ते पुन्हा आवळावेत. टपावरच्या कॅरिअरसाठी गाडीच्या पुस्तिकेत टपाची भारमर्यादा आधी बघावी, कारण अनेक छोट्या गाड्यांच्या टपावरच्या पट्ट्या नुसत्या शोभेच्या असतात. शिवाय दीड मीटरच्या गाडीवर उभी सायकल म्हणजे एकूण उंची अडीच मीटर. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगपाशी हे हमखास विसरले जाते.

उतरल्यावर जोडणी उलट क्रमाने करावी. क्विक रिलीजचा खटका बंद करताना तळहातावर त्याचा ठसा उमटावा इतका जोर लागला पाहिजे. व्ही-ब्रेकची केबल परत आकड्यात अडकवणे सर्वात जास्त वेळा राहून जाते, तेव्हा जागेवरच दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकलून पाहावी आणि हँडल चाकाच्या काटकोनात आहे याची खात्री करावी. घाट उतरण्याआधी हे सारे सपाटीवर, शंभर मीटर सायकल चालवून तपासून घ्यावे. परतीच्या वेळी टायरला चिखल असणारच. त्यासाठी दोन मोठ्या गोण्या सकाळीच गोधडीखाली घालून ठेवाव्यात.