घरात माणूस गेलंय आणि पोराची बोर्डाची परीक्षा चालू आहे, अशा वेळी काय करायचं

आमचे दाजी गेले ते भाच्याच्या दहावीच्या इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या रात्री. रात्री दीड वाजता ताईचा फोन, आणि सकाळी ११ ला पेपर. त्या दहा-बारा दिवसांत आम्ही काय केलं, काय चुकलं ते लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर बरंच, न होवो ही इच्छा.

सगळ्यात आधी घरातला एक माणूस फक्त परीक्षेसाठी बाजूला काढा. मामा, आत्या, मोठी चुलत बहीण, शेजारचे काका, कोणीही चालेल, पण एकच. त्याने तिरडीचं सामान, पाहुणे, गुरुजी यात पडायचंच नाही. पोराच्या आईला यातलं काही विचारायचं नाही, ती त्या अवस्थेत नसते, आणि पोरालाही शाळेत फोन करायला लावायचं नाही. क्लास टीचरला रात्री असो पहाटे असो लगेच फोन करा. आम्ही सकाळी आठला केला, मॅडम म्हणाल्या रात्रीच करायचा होता ना.

दुसरं काम, दप्तर आणि हॉलतिकीट शोधून ताब्यात घ्या. हसू नका. बॉडी ठेवायला हॉल मोकळा करतात तेव्हा जो तो हाताला लागेल ते उचलून माळ्यावर नाहीतर पलंगाखाली टाकतो. भाच्याचं हॉलतिकीट आम्हाला तिसऱ्या दिवशी गाद्यांच्या चळतीत सापडलं. हरवलंच तर शाळा परत प्रिंट काढून त्यावर लाल शाईने द्वितीय प्रत असा शेरा मारून देते, त्यामुळे त्यावरून रडारड नको.

आता मोठा प्रश्न, पेपरला बसवायचं का नाही. दरवर्षी मार्चमध्ये बातमी येतेच, वडिलांचं पार्थिव घरात आणि मुलाने पेपर दिला, आणि खाली सगळे सलाम ठोकतात. त्या पोराचं कौतुक आहेच, पण ती बातमी आपल्या पोराच्या डोक्यावर ठेवू नका. एकदाच विचारा, शांतपणे, चार नातेवाईकांच्या समोर नाही, बाहेर जिन्यात नेऊन विचारा. जायचंय म्हणाला तर गाडी काढा. नाही म्हणाला तर तो विषय बंद, "बाबांची इच्छा होती रे" वगैरे अजिबात नाही. भाचा नाही म्हणाला. अग्नी त्यालाच द्यायचा होता, पंधरा वर्षाचं पोर ते.

आणि नाही म्हटल्याने आभाळ कोसळत नाही, हे आम्हाला तेव्हा नीट माहीत नव्हतं म्हणून उगाच घाबरलो. लेखी पेपर एकट्यासाठी परत होत नाही हे खरं. पण जुलैच्या आसपास पुरवणी परीक्षा असते, तिथे राहिलेला तेवढाच विषय देता येतो, आणि दहावीला दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला ॲडमिशन मिळते. बारावीला ही सोय नाही, तिथे पुरवणीच, म्हणून तिथे शाळा-कॉलेजशी आधी बोलून मग ठरवा. प्रॅक्टिकल किंवा तोंडी हुकली असेल तर आउट ऑफ टर्न म्हणून लेखी परीक्षेनंतर घेतात, पण ते शाळेमार्फत जातं, अर्ज द्यावा लागतो. मृत्यूचा दाखला हातात यायला वेळ लागतो, तोवर हॉस्पिटलचा कागद किंवा स्मशानातली पावती, त्याची झेरॉक्स जोडा.

बसून पेपर वाईट गेला तरी त्याला एक गोष्ट सांगून ठेवा. स्टेट बोर्डात दहावीला सगळ्या विषयांत पास झालं की टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हची धरतात, म्हणजे सहातला सर्वात कमी मार्कांचा विषय बाजूला पडतो. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने नीट प्रश्न विचारला, "मग पस्तीस आले तरी चालतील?" चालतील म्हटलं.

अभ्यासाचं म्हणाल तर सुतकाच्या घरात अभ्यास होत नाही. दर अर्ध्या तासाने कोणीतरी भेटायला येतं, नवीन माणूस आलं की परत रडणं, परत सगळी हकीकत पहिल्यापासून. पोराला शेजारी बसवा, झोपायला पण तिकडेच पाठवा, घरात पाहुण्यांच्या रांगेत सतरंजीवर झोप लागत नाही. सुतकात अभ्यास करू नये, पेपरला जाऊ नये असं कोणी म्हातारं माणूस म्हणेल, त्यांना नमस्कार करा आणि पोराला पाठवा, देवळात नाही जात आहे तो. नवीन धडे घ्यायचे नाहीत. जे येतं तेच, वीस-पंचवीस मिनिटं, मग उठायचं. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, आकृत्या, सूत्रं, बास. आणि खाणं बघा, आमच्याकडे दहा दिवस बिनफोडणीचं, ते पोराच्या घशाखाली उतरेना, शेजारच्या काकूंनी गुपचूप दूध-पोळी आणि केळी दिली म्हणून तो उभा राहिला.

दहावा पेपरच्या दिवशी आला तर गुरुजींना आधीच स्पष्ट सांगा, तेही माणसंच असतात, वेळ अलीकडे घेतात. आमचा दहावा नेमका भूमितीच्या पेपरला. सहाला घाटावर, सगळं आटोपलं पण कावळा शिवेना. मग सुरू झालं, प्रत्येकजण पुढे येऊन हात जोडून कबूल करतोय, पोराला शिकवू, इंजिनिअर करू, ताईला एकटं पडू देणार नाही, आणि पोरगं उघड्या अंगाने घड्याळाकडे बघतंय. पावणेनऊला मी गुरुजींना म्हटलं दर्भाचा कावळा करा. केला. काहींना राग आला, येऊ दे.

त्यात केस काढलेले, म्हणजे हॉलतिकीटावरचा फोटो वेगळा आणि समोर चेहरा वेगळा. आधार कार्ड आणि शाळेचं ओळखपत्र सोबत ठेवा, आणि क्लास टीचरना सांगून केंद्रसंचालकांच्या कानावर आधीच घाला, म्हणजे गेटवर पोराला सगळ्यांसमोर "काय झालं" सांगत बसावं लागत नाही. टोपी घालून जायची असेल तर तेही तेव्हाच विचारून घ्या.

हे पुढचं तुझ्यासाठी, जर तू स्वतःच वाचत असशील तर. पेपर लिहिताना मधेच रडू येईल. पेन खाली ठेव, पाणी पी, पर्यवेक्षकांना सांग, मग जो प्रश्न येतो तो आधी घे, क्रम गेला खड्ड्यात. कधी मित्राच्या जोकवर हसू येईल आणि मग स्वतःचीच लाज वाटेल, ती वाटून घेऊ नकोस. आणि कोणी म्हणालं की आता तूच घरचा कर्ता, तर हो म्हण आणि सोडून दे, दहावीतलं पोर कर्तं बिर्तं नसतं.

नातेवाईकांनो, पेपर सुटल्यावर "कसा गेला" नको, "जेवलास का" विचारा. एप्रिल-मे मध्ये जास्त लक्ष ठेवा, कारण परीक्षा असेपर्यंत पोराला धरून ठेवायला काहीतरी असतं, ती संपली की खरं बाहेर येतं. भाचा मे महिन्यात दिवसभर झोपायचा, कोणाशी बोलायचा नाही. टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, लहान मुलांसाठी १०९८ आहे. आधी मीच फोन केला, काय बोलायचं असतं ते कळावं म्हणून, मग त्याला लावून दिला आणि खोलीबाहेर थांबलो.

पुरवणीत इंग्रजी सुटला. वर्षाच्या आत घरात गोडधोड करायचं का यावर दोन आत्यांचं फोनवर वाजलं, शेवटी ताईनेच त्याला विचारलं पेढे आणू का. म्हणाला आण, पण पाव किलोच.